बॉल न आलेल्यांची यादी

फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. म्हणजे डीमन या डच गावातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला, कानात हेडफोन घालून. दुसऱ्या टोकाला माझी अकरा वर्षांची मुलगी इरा तिच्या ऑनलाइन शाळेत बसली होती. नंबर अनोळखी होता म्हणून मी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा घेतला तो वैतागूनच. एका बाईंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत डचमध्ये विचारलं, की मेश्राम बाईंच्या संपर्काच्या व्यक्ती तुम्हीच ना? हॉस्पिटलच्या कागदावर तुमचं नाव आहे... प्रज्ञाने तिथे माझं नाव दिलंय हे मला माहीतच नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याइतकं त्या महिन्यांत आम्ही बोललोही नव्हतो. रात्रीतून अचानक बिघडलं, पहाटे त्या गेल्या, असं बाई म्हणाल्या. मी त्यांना 'थँक यू' म्हटलं. मग मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा माइक चालू करून मी आठवड्याभराच्या कामाचा हिशेबही दिला. इरा माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिने उठून माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

त्याला आता सात आठवडे झाले. प्रज्ञा मेश्राम हे नाव वाचकांपैकी कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. ती मूळची नागपूरची, वाखनिंगनला बटाट्यावरच्या करपा रोगावर संशोधन करायची, एकटी राहायची आणि बावन्नाव्या वर्षी करोनाने गेली. एवढंच सांगितलं तर तिच्यावर लिहिण्याजोगं काही नाही असं वाटेल. पण आपल्या लोकांत कुणालाही नसलेलं एक वेड तिला होतं. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात ज्यांची कदर झाली नाही अशा वाइड रिसीव्हरांची, म्हणजे पुढे पळत जाऊन बॉल झेलणाऱ्यांची, एक यादी ती वीसेक वर्षं करत होती. मी ज्या बाईची मैत्रीण होते तिचा हा उद्योग होता, आणि त्यात माझ्या हातून जे झालं ते सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

आमची ओळख आल्मेरेला झाली, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात. भाषणं झाली, मुलांची गाणी झाली, जेवणं झाली, आणि सगळ्यांना ग्रुप फोटोसाठी बोलावलं. मी डबा विसरले म्हणून स्वयंपाकघरात परत गेले, तर एक बाई पाठमोरी उभी राहून भाताचं भलंमोठं पातेलं घासत होती. "अहो, फोटोला चला की," मी म्हटलं. ती मागे न वळताच म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी येऊन राहिली." अर्थातच ती आली नाही. त्या फोटोत आम्ही एकोणचाळीस जण आहोत आणि ती नाही. मला ते तेव्हा खटकलं, म्हणून मी जाताना तिचा नंबर मागून घेतला. स्वभावाने मी तशी भोचक आहे, आणि या एका बाबतीत त्याचा मला फायदा झाला.

पुढे तिनेच सांगितलं, की हे वेड लागलं ते अमेरिकेत. मक्याच्या शेतांच्या एका राज्यात ती पीएचडी करत होती. शनिवारी मॅच असली की अख्खं गाव स्टेडियमवर जायचं, लॅबला कुलूप, वाचनालयाला कुलूप, जेवायलाही कुठे काही उघडं नाही. थंडीत एकटीने खोलीत बसण्यापेक्षा बरं म्हणून तीही जायला लागली. विद्यार्थ्यांना मिळायची ती जागा अगदी वरची, मैदानाच्या एका टोकामागची. तिथून बॉल धड दिसायचा नाही. दिसायची ती पळणारी माणसं. एकाच वेळी चार-पाच जण चार-पाच दिशांना जीव तोडून पळतात, कुणी आत वळतं, कुणी बाहेर, कुणी मध्येच थबकतं... आणि फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, त्यांतल्या एकालाच बॉल देतो. तो झेलणारा उद्या पेपरात येतो. बाकीचे धापा टाकत परत येतात आणि पुढच्या खेळीला पुन्हा तितकंच पळतात. "खालच्या लोकांना एकच माणूस दिसे, वैशू. मला पाचही दिसत," ती म्हणायची. "म्हणून मी बिघडली."

मग तिने जुन्या मॅचेस मिळवून बघायला सुरुवात केली, आणि बघायची तीही आपल्या कामाच्या रीतीने. करप्याच्या प्रयोगात शेतातल्या प्रत्येक वाफ्यापुढे उभं राहून पानांना गुण द्यायचे असतात, एक ते नऊ. नऊ म्हणजे पान निरोगी. चांगले दिसणारे वाफे तेवढे पाहिले असं चालत नाही, सगळे पाहावे लागतात. तसेच गुण ती रिसीव्हरांना द्यायची. प्रत्येक खेळीत, प्रत्येकाला, बॉल त्याच्याकडे येवो न येवो. पूर्ण वेगाने पळाला का, मोकळा झाला का, बचाव करणाऱ्याला आपल्यामागे ओढून दुसऱ्याची वाट मोकळी केली का, दुसरा कुणी बॉल घेऊन पळताना त्याच्यासाठी अंगावर धक्के घेतले का. शेतात वापरायचेच कागद, तोच पाठीमागे फळी असलेला क्लिपबोर्ड, तीच पेन्सिल. बॉल आला नाही तर 'निकाल' या रकान्यात काही नाही.

यादीतल्या खेळाडूंची खरी नावं तिला पाठ होती. मला ती कधीच लक्षात राहिली नाहीत, म्हणून तिने माझ्यासाठी वेगळी नावं ठेवली. एक होता 'धाकटी जाऊ'. त्याच्या शेजारी सगळी वर्षं एक जगप्रसिद्ध रिसीव्हर खेळला, त्यामुळे राबायचं याने आणि कौतुक थोरलीचं. एक 'नवासाहेब', कारण त्याच्या संघात दर वर्षी नवा क्वार्टरबॅक यायचा, आणि त्या नव्या साहेबाची सवय होईतो वर्ष संपायचं. एक 'आजोबा', बॉल फेकण्यापेक्षा हातात घेऊन पळण्यावर सगळ्यांचा भर होता त्या काळातला. त्याच्याकडे बॉल यायचाच मुळी क्वचित, पण तिच्या मते त्याच्याइतका सुरेख वळणारा माणूस नंतर झाला नाही. एक 'हमाल', जो दुसऱ्यांसाठी धक्के खात राहिला. आणि 'मुका'. बॉल शेवटच्या रेषेपार नेल्यावर बाकीचे नाचतात, हा बॉल पंचाच्या हातात देऊन पाठ फिरवायचा. त्या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात यांच्यापैकी कुणालाही जागा मिळालेली नाही. दर वर्षी ती निवड जाहीर झाली की प्रज्ञाचा फोन यायचा, "हमाल याही वर्षी नाही गं," आणि तिच्या आवाजात खरंखुरं वाईट वाटलेलं असायचं. मी हसायचे. म्हणायचे, "अगं, त्या माणसाला तू आहेस हेसुद्धा माहीत नाही." ती म्हणायची, "मग काय झालं? मला तर तो माहीत आहे ना."

अमेरिकेतल्या दुपारच्या मॅचेस इकडे रविवारी संध्याकाळी सातला दिसतात. वाखनिंगनला रेल्वे स्टेशन नाही. बसने एड या गावापर्यंत यायचं, तिथून ट्रेन, मग आमच्याकडे मेट्रो. इतका खटाटोप करून ती सप्टेंबर ते जानेवारी जवळजवळ प्रत्येक रविवारी यायची, पाटवड्यांचा डबा घेऊन. रस्सा मी करायचा, आणि तो तिला दर वेळी मिळमिळीत वाटायचा. "पुण्याचा रस्सा म्हणजे पेशंटचं जेवण आहे बाप्पा," असं म्हणून ती स्वतःच तिखटाची बरणी शोधायची. माझा नवरा नीलेश क्रिकेटवाला, तो शेजारच्या खोलीत जायचा. इरा मात्र तिच्या मांडीला टेकून बसायची. मराठी तिला समजतं, बोलते ती डच. एकदा तिने डचमध्येच विचारलं, की बॉल त्याला मिळणार नाही हे त्याला आधीपासून माहीत असेल, तर तो पळतो कशाला? प्रज्ञा मराठीत म्हणाली, "नाही पळाला तर सगळे त्या दुसऱ्याच्या मागं लागतील ना पिल्लू. आणि... येतो गं एखाद वेळी." मी नेहमीप्रमाणे बॉलकडे बघत होते. माझ्या पाठीत पेन्सिल टोचून ती म्हणाली, "काय पाहून राहिली तू? तिकडं काही नाही. डावीकडं पाहा." मी पाहायचे, आणि तोवर ते संपलेलं असायचं.

मग करोना आला. पहिल्या टाळेबंदीत तिचं शेत बंद, माझं ऑफिस घरात. तिला एकटीला चार भिंतींत काहीतरी काम हवं होतं. तिने इतक्या वर्षांचे सगळे कागद फोटो काढून मला पाठवले आणि म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाली, एका शीटमध्ये बसवून दे ना. मग यादी मी पुराव्यानिशी लिहून काढते." मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. डेटा नीटनेटका करायचा म्हणजे माझा हातखंडा. रोज जेवणानंतर तासभर असं करत मी दोन महिन्यांत सगळं टाइप केलं. शेवटी बघते तर हजारो ओळींत 'निकाल' रिकामा. ऑफिसात अशा ओळी आल्या की आम्ही त्या अपुऱ्या समजून काढून टाकतो. हात सवयीचा. मी त्या काढल्या, फाइल सुटसुटीत झाली, आणि मोठ्या अभिमानाने मी ती तिला पाठवून दिली.

तिचा फोन दुसऱ्या दिवशी आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "वैशू, बॉल आला तेवढ्याच ओळी राहिल्या गं यात." मला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा मी फाइल पुन्हा उघडून पाहिली. ज्यांच्याकडे बॉल आला नाही त्यांच्यासाठी जिने वीस वर्षं पेन्सिल झिजवली, तिच्या कागदांतून मी नेमकी तीच माणसं पुसली होती. माझ्याकडे जुनी फाइलही नव्हती, मी त्याच फाइलवर काम केलं होतं. मी म्हटलं, फोटो आहेत माझ्याकडे, मी परत करते, या महिन्यात करते. ती म्हणाली, "असू दे गं. सावकाश." मी केलं नाही. इराची शाळा, नीलेशचं काम, माझं काम... कारणं सगळी खरी आहेत. तिने पुन्हा एकदाही विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही याचा मला सुटल्यासारखा आनंद झाला, हेही खरंच आहे.

त्या शरदात मोसम सुरू झाला तेव्हा आमचं ठरलं होतं, की आपापल्या घरी मॅच लावायची आणि फोन चालू ठेवायचा. पहिले काही रविवार आम्ही तसं केलं. पण दिवसभर पडद्याशी बोलून संध्याकाळी पुन्हा पडद्याशी बोलायचं माझ्या जिवावर यायला लागलं. एका रविवारी डोकं दुखत होतं. एका रविवारी दुखत नव्हतं, तरी दुखतंय म्हणाले. मग मी मेसेजही करेनाशी झाले. हिवाळ्यात, घरी एखाद-दुसऱ्याच पाहुण्याला बोलवा असं सरकार सांगत होतं त्या दिवसांत, तिने विचारलं, "एखाद-दुसरा म्हणजे मीच ना बाप्पा! येऊ का या रविवारी? पाटवड्या घेऊन येते." त्या रविवारी नीलेशचा ऑफिसमधला मित्र यायचा होता. मी म्हटलं, "या रविवारी नको, पुढच्या रविवारी ये." तिने अंगठा पाठवला. पुढच्या शुक्रवारी तिचा मेसेज आला, की खोकला आहे, दोन-तीन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतायत, काळजी करू नको. मी लिहिलं, 'टेक केअर'. पुढे एक फूल. आमचं शेवटचं बोलणं ते.

अंत्यविधीला जितक्या माणसांना परवानगी होती त्याच्या निम्म्याही खुर्च्या भरल्या नाहीत. आम्ही सात जण होतो, लांब लांब बसलेले. आल्मेरेच्या एका काकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मास्कमधून. नागपूरहून तिचा धाकटा भाऊ विनोद आणि त्याचं घर लिंकवरून बघत होतं. विमानं नव्हती, त्यांना येणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी विनोदचा व्हिडिओ कॉल आला. रडून रडून त्याचा चेहरा सुजला होता. म्हणाला, "ताई, एक समाधान आहे आम्हाला. आई रोज म्हणे, पोरगी तिकडं एकटी, कसं होत असंल. तर दिदी म्हणायची, मी रविवारी एकटी नसते, वैशू असते सोबत. या वर्षीसुद्धा म्हणायची... असायच्या ना तुम्ही?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मी त्याला? पण तो शब्द तोंडातून गेला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. तिने घरच्यांना माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं, त्यांच्या नजरेत मला चांगली मैत्रीण ठेवली होती, आणि मी ते घेतलं.

महिनाअखेर तिचं घर रिकामं करून किल्ली द्यायची होती. विनोदने मलाच विनंती केली. एका खोलीचं घर, खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो. कपडे, पुस्तकं, बुद्धाची छोटी मूर्ती, लहान-मोठे तीन कुकर. टेबलावर टीव्हीकडे तोंड करून क्लिपबोर्ड ठेवला होता आणि त्याला या मोसमाचे कागद लावलेले होते, एकेका रविवारचा एकेक गठ्ठा. त्यांच्या वरच्या भागात दोन चौकोन असतात. 'पहिला निरीक्षक' आणि 'दुसरा निरीक्षक'. शेतात एकाच वाफ्याला दोघांनी गुण द्यायचे असतात, एकमेकांचे न बघता, म्हणजे एकट्याच्या डोळ्यांची चूक कळते. पूर्वी आमच्याकडे बघताना ती मला मध्येच विचारायची, "याला किती देशील?" आणि मी कणीक मळता मळता काहीतरी आकडा ओरडायचे. तो ती लिहून घेते हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, माझं मन राखायला विचारते.

या मोसमाच्या प्रत्येक कागदावर पहिल्या चौकोनात 'प्र.' होतं आणि दुसऱ्यात 'वै.' सगळ्यांवर. मी फोनवर होते त्या रविवारच्याही, आणि नव्हते त्याही. ती अक्षरं वरच्या तारखेच्याच पेन्सिलीने, ठसठशीत, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधी लिहिलेली. डावीकडे तिच्या आकड्यांची भरगच्च रांग, उजवीकडे माझ्या नावाखालचा रकाना खालपर्यंत कोरा. डोकं दुखत नव्हतं तो रविवार. नीलेशचा मित्र आला होता तो रविवार... मी तिच्या खुर्चीवर बसले, आणि अंधार पडून सायकलीही दिसेनाशा झाल्या तरी दिवा लावायला उठले नाही.

जुन्या फोटोंवरून काढून टाकलेल्या ओळी मी परत टाइप करते आहे. धाकटी जाऊ झाली, आजोबा अर्धे झालेत. आणि रविवारी संध्याकाळी सातला मी तिच्या या वर्षीच्या कागदांतला एक काढते, त्या दिवशीची मॅच लावते, तिच्या आकड्यांवर वर्तमानपत्राची घडी ठेवून झाकते आणि माझ्या रकान्यात गुण भरते. बॉलकडे बघायचं नाही, हे जमायला मला तीन रविवार लागले. संपल्यावर घडी काढते. बहुतेक ठिकाणी आमचं जमतं, एखाद्या आकड्याने इकडेतिकडे. मागच्या रविवारी एका खेळीत डावीकडच्या टोकाच्या माणसाला तिने आठ दिले होते आणि मी पाच. दोघांत इतका फरक पडला की तिच्या कामातला नियम असा, की दोघांनी मिळून त्या वाफ्याशी परत जायचं, एकत्र बघायचं आणि बोलून एक आकडा ठरवायचा. मी ती खेळी चार वेळा मागे नेऊन पाहिली. तो पळाला छान, पण शेवटी ढेपाळला, मला अजून पाचच वाटतात. तिचा आठही मी खोडलेला नाही. दोन्ही आकडे तसेच शेजारी शेजारी राहिलेत.